एचआयव्ही आणि एड्स : मद्रासच्या सहा नमुन्यांपासून

प्रस्तावना



आजारी माणसाच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शेजारी तापाने फणफणला तर आपण पेजेचे भांडे घेऊन जातो, रुग्णालयात कोणी असेल तर पाळीपाळीने रात्री जागवतो. परंतु काही आजार असे आहेत, की त्यांचे नाव निघताच आवाज खाली येतो आणि उघडे दार हळूच लोटले जाते. एकेकाळी कुष्ठरोग्यांनी हे सोसले, क्षयरोग्यांनी सोसले. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत एड्स या आजाराची भर पडली.

या आजाराचा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. त्याच्याविषयीची भीती आणि लज्जा समाजाची माणुसकी पोखरते. पहिल्याला आवर घालायचा असेल तर दुसरीलाही आवर घालावा लागतो, हे भारतात पहिल्यांदा लक्षात आले ते चेन्नई शहरात. या पाठात आपण ती हकिकत वाचणार आहोत आणि तिच्या आधारे या आजाराची शास्त्रीय माहिती करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम कसा उघडकीस आला ते सांगता येईल.
• एचआयव्ही आणि एड्स यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• संसर्गाचे मार्ग आणि प्रतिबंधाचे उपाय सांगता येतील.
• गैरसमज आणि वस्तुस्थिती यांत भेद करता येईल.
• बाधित व्यक्तीचे हक्क समजून घेऊन त्याविषयी आपले मत मांडता येईल.

मूळ पाठ

१. एका मराठी घरातील मुलगी

चेन्नईला तेव्हा मद्रास म्हणत. या शहरात चामड्याचा व्यापार करणारे गायतोंडे नावाचे एक मराठी कुटुंब होते. घरात सात मुलगे आणि एकच मुलगी. तिचे नाव सुनीती. दरवर्षी लस टोचण्यासाठी आरोग्य अधिकारी घरी येत. इतर मुले सुईला भीत असतील. या मुलीच्या मनात मात्र त्या भेटींमुळेच वैद्यकशास्त्राची ओढ निर्माण झाली. तिने मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. पुढे हृदयशल्यविशारद डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी तिचा विवाह झाला. इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या देशांत राहून तिने विकृतिशास्त्राचा अनुभव घेतला. आपल्या ज्ञानाची गरज मायदेशाला अधिक आहे, या विचाराने हे दांपत्य १९७३ मध्ये मद्रासला परतले. डॉ. सुनीती सॉलोमन मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

१९८१ च्या जून महिन्यात अमेरिकेत एका विचित्र आजाराची पहिली नोंद झाली होती. एरवी धडधाकट असलेले तरुण अगदी किरकोळ जंतूंना बळी पडत होते. १९८३ मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांनी या आजाराच्या मुळाशी असलेला विषाणू शोधला. या शोधाबद्दल २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये रक्ततपासणीची पद्धत उपलब्ध झाली. भारतात मात्र या वार्तांकडे दुरूनच पाहिले जात होते. हा पाश्चात्त्यांच्या स्वैर राहणीचा रोग आहे, आपल्या संस्कृतीत तो यायचा नाही, असा समज सुशिक्षितांतही दृढ होता. काही ठिकाणी नमुने तपासले गेले होते आणि ते निर्दोष ठरले होते. त्यामुळे हा समज अधिकच बळावला.

डॉ. सुनीती यांना तेवढ्याने समाधान वाटले नाही. न शोधता ‘नाही’ म्हणणे हे शास्त्र नव्हे. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. सेलप्पन निर्मला यांना, हाच विषय प्रबंधासाठी सुचवला.

२. सहा नमुने

निर्मला बत्तीस वर्षांच्या होत्या. लहान गावातील परंपरानिष्ठ घरातून त्या आलेल्या, पदरी दोन लहान मुले. या विषयाचा त्यांना आधी संकोचच वाटला. परंतु त्यांचे पती वीरप्पन रामामूर्ती यांनी त्यांना धीर दिला. मुंबईसारखी देहविक्रयाची ठळक वस्ती मद्रासमध्ये नव्हती. म्हणून निर्मला सरकारी रुग्णालयातील गुप्तरोग विभागात जाऊन बसू लागल्या. तेथे भेटलेल्या स्त्रियांकडून त्यांना सुधारगृहाचा पत्ता लागला. देहविक्रयाच्या आरोपावरून पकडलेल्या स्त्रियांना तेथे ठेवले जाई. पती त्यांना स्कूटरवरून तेथे पोहोचवत. हातमोजे नाहीत, संरक्षणाची अन्य साधने नाहीत, अशा स्थितीत त्यांनी सुमारे तीन महिन्यांत ऐंशीहून अधिक रक्तनमुने गोळा केले. नमुन्यांतील रक्तद्रव वेगळा करण्यासाठी तात्पुरती प्रयोगशाळा उभी करावी लागली, आणि तो साठवला गेला निर्मला यांच्या घरातील फ्रिजमध्ये.

मद्रासला तपासणीची सोय नव्हती. ती वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब जॉन यांच्याकडे होती. १९८६ च्या फेब्रुवारीत पती-पत्नी बर्फाच्या पेटीत नमुने घेऊन रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि तेथून वेल्लोरला गेले. ‘एलायझा’ नावाच्या या तपासणीत विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात असतील तर नमुन्याचा रंग बदलतो. त्या दिवशी पाहता पाहता सहा नमुने पिवळे झाले.

एकदा केलेल्या तपासणीवर एवढा गंभीर निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. म्हणून त्या स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले. ते नमुने अमेरिकेत ‘वेस्टर्न ब्लॉट’ या अधिक खात्रीच्या चाचणीसाठी पाठवले गेले. निष्कर्ष तोच आला. १९८६ च्या मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ही गोष्ट जाहीर केली. दूरदेशीचा म्हणून समजला जाणारा विषाणू आपल्या अंगणात पोहोचला होता.

या हकिकतीत एक बाब मनाला टोचणारी आहे. आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगण्यात आले नव्हते. त्या काळी तशी प्रथा नव्हती. ज्यांच्या रक्तामुळे सारा देश सावध झाला, त्या सहा स्त्रियांना मात्र त्याचे श्रेय मिळाले नाही आणि औषधही मिळाले नाही, कारण तेव्हा औषधच नव्हते. प्रतिबंधाचा इतिहास वाचताना या सहा अनाम स्त्रियांचे स्मरण ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
१. मद्रासच्या नमुन्यांची पहिली तपासणी ............ येथे झाली. (पुणे / वेल्लोर / मुंबई)
२. एड्सला कारणीभूत असलेला विषाणू ............ मध्ये शोधला गेला. (१९८१ / १९८३ / १९८६)
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
नमुन्यांची दुसऱ्यांदा तपासणी का करण्यात आली?

३. विषाणू शरीरात काय करतो?

एचआयव्ही हे विषाणूचे नाव आहे आणि एड्स ही त्या विषाणूमुळे कालांतराने येणारी अवस्था आहे. हा भेद नीट ध्यानात ठेवावा. ज्याच्या शरीरात विषाणू आहे, तो प्रत्येकजण एड्सचा रुग्ण नसतो.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे पहारेकरी असतात. त्यांतील ‘सीडी-४’ नावाच्या पेशी इतर पहारेकऱ्यांना सावध करण्याचे काम करतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो, त्यांच्याच यंत्रणेचा वापर करून आपल्या प्रतिकृती तयार करतो आणि त्या पेशी नष्ट करतो. चोराने प्रथम नगारा वाजवणाऱ्यालाच गाठावे, तसा हा प्रकार आहे. संसर्गानंतर काही जणांना थोडा ताप येतो, काहींना काहीच जाणवत नाही. त्यानंतर कित्येक वर्षे, अनेकदा आठ-दहा वर्षेही, माणूस वरकरणी निरोगी दिसतो. या काळात त्याला स्वतःलाही काही ठाऊक नसते. परंतु त्याच्याकडून दुसऱ्याला संसर्ग होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर सीडी-४ पेशींची संख्या घटत जाते आणि क्षय, न्यूमोनिया, बुरशीजन्य रोग असे आजार शरीराचा ताबा घेतात. या अवस्थेस एड्स म्हणतात.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. संसर्ग झाल्याबरोबर प्रतिपिंडे तयार होत नाहीत. त्यास काही आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. या काळात तपासणीत दोष दिसत नाही, पण विषाणू शरीरात असतो. म्हणून शंका असल्यास समुपदेशकाच्या सल्ल्याने ठरावीक काळानंतर पुन्हा तपासणी करावी लागते.

४. संसर्ग कसा होतो, कसा होत नाही?

रक्त, वीर्य, योनिस्राव आणि मातेचे दूध या द्रवांतून हा विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो. त्यामुळे संसर्गाचे प्रमुख मार्ग चारच आहेत :
१. बाधित व्यक्तीशी असुरक्षित लैंगिक संबंध.
२. दूषित रक्त शरीरात भरले जाणे.
३. एकाने वापरलेली सुई किंवा सिरिंज दुसऱ्याने वापरणे. नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांत हा धोका फार मोठा असतो.
४. बाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा स्तनपानातून बाळाला होणारा संसर्ग.

हा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. हस्तांदोलनाने, मिठी मारल्याने, एका ताटात जेवल्याने, एकाच विहिरीवर पाणी भरल्याने तो पसरत नाही. खोकला, शिंक, घाम, अश्रू यांतून तो जात नाही. एकच शौचालय वापरल्याने, शाळेत एका बाकावर बसल्याने काहीही होत नाही. डासांमुळेही संसर्ग होत नाही, कारण हा विषाणू डासाच्या शरीरात वाढू शकत नाही. हे सारे वाचून पाठ करणे सोपे आहे. बाधित शेजाऱ्याच्या घरचा चहा निःशंक मनाने पिणे, ही त्याची खरी परीक्षा आहे.

५. कोंडून ठेवल्याने साथ थांबते का?

मद्रासच्या शोधानंतर समाजापुढे दोन मार्ग होते. एक मार्ग बाधितांना वेगळे काढून कोंडण्याचा आणि दुसरा त्यांचा विश्वास संपादन करण्याचा. आरंभी अनेक ठिकाणी पहिला मार्ग स्वीकारला गेला.

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करीत असे. त्यातूनच त्याचा संसर्ग उघड झाला. गोव्यातील सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा बाधिताला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला नेऊन म्हापसा येथील एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले. त्याने हार मानली नाही. न्यायालयात दाद मागितली आणि बाधितांसाठी संघटना उभारण्याचे काम हाती घेतले. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. मद्रासमध्येही काही स्त्रियांना केवळ रक्तात विषाणू आढळला म्हणून ताब्यातून सोडले जात नव्हते. पत्रकार श्यामला नटराज यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९९० मध्ये त्या स्त्रियांची सुटका झाली.

कोंडण्याचा मार्ग अन्यायाचा तर होताच, शिवाय तो निरुपयोगीही होता. का, ते पाहा. तपासणीला गेलो तर तुरुंगात पडू, नोकरी जाईल, घरातून बाहेर काढतील, अशी भीती असेल तर तपासणीला जाईल कोण? ज्यांना आपला संसर्ग ठाऊकच नाही, त्यांच्याकडून तो नकळत पसरत राहील. म्हणजे भीतीमुळे विषाणूला आडोसाच मिळतो. तपासणी, सल्ला आणि गुप्तता यांची हमी मिळाली, तरच माणूस आपणहून पुढे येतो.

डॉ. सुनीती यांनी हे ओळखले. १९९३ मध्ये त्यांनी आपले वडील वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने चेन्नईत एड्स संशोधन व शिक्षण केंद्र सुरू केले. ‘वायआरजी केअर’ या नावाने ते ओळखले जाते. तेथे स्वेच्छेने तपासणी करून घेता येई, समुपदेशन मिळे आणि इतरत्र नाकारलेल्या रुग्णांवर उपचारही होत. आलेल्या माणसाशी डॉक्टर जवळ बसून बोलत. विवाहाची इच्छा असलेल्या बाधित तरुण-तरुणींची लग्ने जुळवण्यासही त्यांनी हातभार लावला. विषाणू शिरला म्हणून माणसाची संसाराची आस संपत नाही, हे त्यांना ठाऊक होते. २८ जुलै २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

पुढे बाधित व्यक्ती स्वतःच बोलू लागल्या. १९९७ मध्ये बाधितांची राष्ट्रीय पातळीवरील संघटना आणि १९९८ मध्ये पी. कौसल्या यांच्या पुढाकाराने बाधित स्त्रियांची संघटना, या दोन्ही चेन्नईतच आकाराला आल्या. यांतील कित्येक स्त्रिया अशा होत्या, की पतीखेरीज अन्य कोणाशी त्यांचा संबंधच आला नव्हता. ‘हा वाईट चालीच्या माणसांचा रोग आहे’ हा समज किती पोकळ आहे, ते त्यांच्या केवळ उपस्थितीनेच सिद्ध झाले.

पाठगत प्रश्न २
(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. एचआयव्हीबाधित प्रत्येक व्यक्ती एड्सची रुग्ण असते.
२. डास चावल्याने एचआयव्हीचा संसर्ग होत नाही.
(आ) ‘भीतीमुळे विषाणूला आडोसाच मिळतो’ या विधानाचा अर्थ दोन-तीन वाक्यांत लिहा.

६. प्रतिबंधाचे मार्ग

संसर्गाचे मार्ग चार आहेत. म्हणून प्रतिबंधाचे उपायही त्या चारांनाच अनुसरून आहेत.

लैंगिक संबंधांतील सुरक्षितता. जोडीदारांची परस्पर एकनिष्ठा हा उपाय आहेच. परंतु दोघांचीही स्थिती तपासणीने ठाऊक असेल तरच त्यावर विसंबता येते. निरोध प्रत्येक वेळी आणि योग्य रीतीने वापरल्यास संसर्गाची शक्यता फार कमी होते. अन्य गुप्तरोग असल्यास एचआयव्हीचा संसर्ग अधिक सहज होतो, म्हणून त्यांवर वेळीच उपचार करावेत. या गोष्टी उघडपणे कशा सांगाव्यात, हा मोठा प्रश्न होता. चेन्नईतील एका प्रकल्पाने २००३ मध्ये ‘पुळ्ळी राजाला एड्स होईल का?’ असा प्रश्न विचारणारे फलक रस्तोरस्ती लावले. पुळ्ळी राजा ही काल्पनिक व्यक्ती. त्या फलकांवर टीकाही झाली. परंतु जो विषय कुजबुजीत होता, तो चहाच्या टपरीवर चर्चेला आला. महाराष्ट्रात सांगली येथील ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच या कामात पुढे केले. त्या आपल्या सख्यांना माहिती देत आणि निरोध वाटत. ज्यांना समाज रोगाचे मूळ समजत होता, त्या स्त्रियाच प्रतिबंधाच्या कार्यकर्त्या झाल्या.

सुरक्षित रक्त. एकेकाळी पैसे घेऊन रक्त विकणारे अनेकजण होते आणि रक्तपेढ्या त्यांच्यावर अवलंबून असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १९९८ पासून अशा विक्रीवर बंदी आली. प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी बंधनकारक आहे. रक्त घेताना ते परवानाधारक रक्तपेढीचेच आहे, याची खात्री करावी. रक्तदान करताना मात्र संसर्गाचे भय बाळगू नये, कारण तेथे प्रत्येक वेळी नवी सुई वापरली जाते.

निर्जंतुक साधने. इंजेक्शन घेताना नवी सुई व सिरिंज डोळ्यांदेखत फोडून घ्यावी. गोंदणे, कान टोचणे, दाढी करणे यांसाठीही नवी किंवा निर्जंतुक साधने वापरण्याचा आग्रह धरावा. यात संकोच कसला? रुग्णालयात काम करताना दूषित सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास संसर्ग टाळता येतो. अर्थात जितक्या लवकर, तितके चांगले.

मातेकडून बाळाकडे. उपचार न केल्यास बाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. गर्भवतीची वेळीच तपासणी झाली, तिला औषधे मिळाली आणि जन्मानंतर बाळालाही औषध दिले, तर हे प्रमाण ५ टक्क्यांहून खाली येते. म्हणून प्रत्येक गर्भवती स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते.

७. औषधांनी काय बदलले?

या विषाणूला शरीरातून समूळ काढून टाकणारे औषध आज सर्वसामान्यांच्या हाती नाही, आणि प्रतिबंधक लसही तयार झालेली नाही. परंतु त्याची वाढ रोखणारी औषधे आहेत. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत प्रभावी ठरली. मात्र त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी २००१ मध्ये तीच औषधे वर्षाला ३५० डॉलर इतक्या किमतीत देऊ केली. आफ्रिकेतील आणि आशियातील गरिबांना त्यामुळे जगण्याचा मार्ग सापडला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत औषधे देण्यास आरंभ केला. पहिल्या मोजक्या रुग्णालयांत चेन्नईजवळील तांबरमचे सरकारी छातीरोग रुग्णालय आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय ही होती. २०१७ पासून तर सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली, तरी निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण आहे.

औषधांचा आणखी एक गुण पुढे सिद्ध झाला. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास करण्यात आला. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित आणि दुसरा निरोगी होता. पुणे आणि चेन्नई येथील केंद्रेही या अभ्यासात सहभागी होती. २०११ मध्ये त्याचा निष्कर्ष जाहीर झाला. बाधित व्यक्तीने लवकर औषधे सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसून आले. नियमित औषधे घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही, हे आज सर्वमान्य आहे. म्हणजे बाधितांवर उपचार करणे हाच प्रतिबंधाचा एक श्रेष्ठ उपाय ठरला. औषधे मात्र आयुष्यभर, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर विषाणू पुन्हा उचल खातो आणि औषधांना दाद देईनासा होतो.

या प्रयत्नांना संघटित रूप देण्यासाठी १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. १९९४ मध्ये तमिळनाडूने राज्य पातळीवर स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था नोंदवली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. हाच नमुना पुढे अन्य राज्यांनी स्वीकारला. २०२३ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत; प्रौढांत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. २०१० च्या तुलनेत नव्या संसर्गांत सुमारे ४४ टक्के घट झाली आहे. लढा संपलेला नाही, परंतु तो जिंकता येण्याजोगा आहे.

८. कायदा आणि आपण

२०१७ मध्ये संसदेने एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा संमत केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. या कायद्यानुसार माहितीपूर्वक संमती घेतल्याखेरीज कोणाचीही तपासणी करता येत नाही. व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीविना उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचे घर यांपैकी काहीही केवळ या कारणाने नाकारता येत नाही. १९८६ मध्ये सुधारगृहातील त्या स्त्रियांना जे विचारले गेले नव्हते, ते विचारणे आज कायद्याने आवश्यक झाले आहे. बत्तीस वर्षांत आपण एवढे अंतर चाललो.

कायदा दार उघडून देतो. आत येणाऱ्याला पाट मांडून देणे हे मात्र आपल्या हाती असते. तुमच्यापैकी अनेकजण दिवसा काम करून शिकत असतील. कोणी कारखान्यात, कोणी गाडीवर, कोणी रुग्णालयात, कोणी घर सांभाळून. तुमच्या सहवासात एखादी बाधित व्यक्ती असू शकेल आणि ती तुम्हांला ते सांगणार नाही. तुम्ही या विषयावर काय बोलता, कशावर हसता, हे मात्र ती ऐकत असेल. तिने तपासणीला जावे की न जावे, औषध घ्यावे की लपवावे, हे कदाचित तुमच्या त्या बोलण्यावरून ठरेल. शंका असेल तर जवळच्या सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात जाता येते किंवा १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते. तेथे नाव गुप्त राहते.

वेल्लोरच्या प्रयोगशाळेत सहा नमुने पिवळे झाले, तेव्हा दोन डॉक्टर स्त्रियांनी डोळे मिटून घेतले नाहीत. आपणही तेवढेच करायचे आहे.

शब्दार्थ
प्रतिकारशक्ती – रोगाशी झुंजण्याची शरीराची क्षमता
प्रतिपिंडे – जंतूंविरुद्ध शरीरात तयार होणारी द्रव्ये
संसर्ग – रोगजंतूचा शरीरात प्रवेश
समुपदेशन – अडचणीतील व्यक्तीला दिलेला मार्गदर्शनपर सल्ला
देहविक्रय – पैशासाठी शरीरसंबंधाचा व्यवसाय
निर्जंतुक – जंतूविरहित
आडोसा – लपण्याची जागा, आश्रय
मरणोत्तर – मृत्यूनंतर

आपण काय शिकलो?
• भारतातील एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये मद्रास येथे घेतलेल्या नमुन्यांतून उघडकीस आला.
• एचआयव्ही हा विषाणू आहे. एड्स ही उपचारांअभावी येणारी अवस्था आहे.
• संसर्गाचे चार मार्ग आहेत. रोजच्या सहवासाने संसर्ग होत नाही.
• नियमित औषधांमुळे बाधित व्यक्ती दीर्घ आयुष्य जगू शकते आणि प्रसारही थांबतो.
• बाधितांना दूर लोटल्याने आजार लपतो. विश्वास दिल्याने तो आटोक्यात येतो.

स्वाध्याय
१. डॉ. सेलप्पन निर्मला यांना नमुने गोळा करताना आलेल्या अडचणी तुमच्या शब्दांत लिहा.
२. बाधितांवर उपचार करणे हा प्रतिबंधाचाही उपाय कसा ठरतो, ते स्पष्ट करा.
३. डॉमिनिक डिसोझा यांना मिळालेली वागणूक आणि २०१७ चा कायदा यांची तुलना करा.
४. ‘चोराने प्रथम नगारा वाजवणाऱ्यालाच गाठावे’ या दृष्टान्तातून काय सुचवले आहे?
५. तुमच्या कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्याला बाधित असल्याच्या संशयावरून वेगळा पेला दिला जातो. वरिष्ठांना उद्देशून याविषयी एक पत्र लिहा.
६. उपक्रम : जवळच्या समुपदेशन केंद्रास भेट देऊन तेथे मिळणाऱ्या सेवांची दहा ओळींत माहिती लिहा. कोणत्याही रुग्णाचे नाव लिहू नका.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
प्रश्न १ : (अ) १. वेल्लोर २. १९८३ (आ) एकाच तपासणीवर एवढा गंभीर निष्कर्ष काढणे योग्य नसल्याने अधिक खात्रीसाठी नमुने पुन्हा तपासण्यात आले.
प्रश्न २ : (अ) १. चूक २. बरोबर (आ) शिक्षेच्या किंवा बहिष्काराच्या भीतीने लोक तपासणी टाळतात. त्यामुळे संसर्ग लक्षात येत नाही आणि तो नकळत पसरत राहतो.